ताईच्या नावावरची नोंद

ऑफिसात त्याला सगळे किल्लेदार म्हणायचे. आडनाव नव्हतं ते, कामावरून पडलेलं नाव. कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची, आणि त्यात कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दारातूनच वाटेला लावायचं, ते खातं याच्याकडे. सगळ्या किल्ल्या याच्यापाशी, म्हणून किल्लेदार. माणूस पंचेचाळिशीचा, अंगाने काटकुळा, बोलायला कंजूष आणि शंका घ्यायला सगळ्यांच्या पुढे. घरातून निघताना कुलूप लावायचं, ओढून बघायचं, जिना उतरायचा आणि परत वर येऊन ओढून बघायचं, हा त्याचा रोजचा कार्यक्रम. आई आतून ओरडायची, "अरे, घरात मी आहे! कुलूप कशाला लावतोस मेल्या?"

खरंच लावून जायचा एखाद्या दिवशी. आईला कोंडून. मग शेजारणीकडची किल्ली कामाला यायची.

आता त्याचं काम काय, ते जरा सांगायला हवं, नाहीतर पुढची सगळी गोष्ट डोक्यावरून जाईल. नर्स कामावर आली की टॅब्लेटवर आपला पिन टाकते. सर्व्हर तिला एक चिठ्ठी देतो. त्या चिठ्ठीला म्हणायचं टोकन. त्यावर तिचं नाव, तिला काय काय करायची परवानगी आहे ते, आणि चिठ्ठी कधीपर्यंत चालेल ते. खाली कंपनीची सही, अशी की कुणाच्या बापाला तिची नक्कल जमू नये. मग प्रत्येक कामाला टॅब्लेट तीच चिठ्ठी दाखवतो. औषध दिलं, दाखव चिठ्ठी. ड्रेसिंग केलं, दाखव चिठ्ठी. मुदत मुद्दाम थोडी ठेवलेली. ती संपत आली की टॅब्लेट जुनी चिठ्ठी दाखवून नवी मागून घेतो. नर्सला त्याचा पत्ताही लागत नाही.

ही सगळी व्यवस्था किल्लेदाराने स्वतःच्या हाताने उभी केलेली. तिचा त्याला अभिमान होता, आणि अभिमानापेक्षाही जास्त म्हणजे भरवसा होता. मीटिंगमध्ये कुणी म्हणालं की अमुक डॉक्टर म्हणतात ही नोंद आमची नाही, की हा खुर्चीत मागे रेलायचा. "माणूस खोटं बोलेल, टोकन बोलणार नाही." झालं, विषय संपला. आणि दरवेळी तसंच निघायचं. डॉक्टरच विसरलेले असायचे.

त्याची थोरली बहीण, ताई, एका म्हाताऱ्यांच्या नर्सिंग होममध्ये सिस्टर होती. वडील लवकर गेले, आई कामावर जायची, तेव्हा याचं सगळं ताईनेच केलं. शाळेत सोडायचं, डबा भरायचा, पाढे घोकून घ्यायचे, चुकला की "ठोंब्या" म्हणून टपली मारायची. पाढे पाठ झाले तरी नाव राहिलं. अजूनही फोन उचलला की पहिला शब्द तोच. "बोल ठोंब्या." पन्नाशी ओलांडली होती तिने, गुडघे कुरकुरायला लागले होते, पण कामावर उभी राहिली की वाघीण. म्हातारी माणसं तिच्या हातून मुकाट गोळ्या घ्यायची. न घेतील तर काय करतील, ती समोरून हलायचीच नाही!

तिच्या नर्सिंग होममध्ये भावाच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर. त्याचं तिला कोण कौतुक. पण तक्रारही तीच करायची. "काय रे तुमचं ते यंत्र! संध्याकाळी ड्यूटी बदलली की सगळ्याजणी एकदम टॅब्लेट उघडतो आणि ते चक्र फिरत बसतं नुसतं. पेशंट ताटकळतात. आम्ही तुमच्या चक्राची पूजा करायची का?" किल्लेदाराने मनावर घेतलं आणि पुढच्याच आठवड्यात ते चक्र थांबवलं. ताईने सगळ्या वॉर्डात सांगितलं, "माझ्या भावाने केलंय हो."

त्याच कौतुकाच्या नादात तिने एकदा जेवताना हसत हसत आणखी एक सांगून टाकलं होतं. काही सिस्टर एकमेकींना पिन देतात. जरा माझ्या नावाने टाक गं, मी दोन घास खाऊन येते. किल्लेदार ताटावरून तडक उठायच्या बेतात. "ताई, तू दिलास का कुणाला?" ती म्हणाली, "मी कशाला देतेय? जेव गुमान."

मग ते प्रकरण झालं.

ड्यूटी बदलून जरा वेळ झाला होता. खालच्या मजल्यावर कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींना शेजारच्या खोलीतल्या आजोबांची रक्तदाब उतरवायची गोळी दिली गेली. आजी उठून बाथरूमकडे निघाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. टॅब्लेटवर नोंद होती, गोळी दिली. नोंदीवर नाव ताईचं.

ताई म्हणाली, "मी त्या खोलीत गेलेच नाही. मी वरच्या मजल्यावर ड्रेसिंग करत होते." बघितलं तर वरच्या मजल्यावरची ड्रेसिंगची नोंदही होती, तीही ताईच्याच नावाची, त्याच सुमाराची. म्हणजे एक बाई एकाच वेळी दोन मजल्यांवर! नर्सिंग होमच्या मेट्रनबाईंनी सरळ हिशोब मांडला. हिने पिन कुणाला तरी दिला. आणि त्यांच्याकडे नियम असा, की पिन दुसऱ्याला दिला आणि त्यातून पेशंटला इजा झाली, तर ज्याचा पिन त्याची नोकरी गेली. वर नर्सिंगच्या परवान्यावर शेरा. तो शेरा पडला की कुठलाच दवाखाना दारात उभं करत नाही.

मेट्रनबाईंनी कंपनीकडे अहवाल मागितला. नोंद खरी का, एवढंच सांगा. कंपनीच्या मॅडमनी किल्लेदाराला बोलावलं. "बहीण आहे तुमची. दुसऱ्या कुणाला देऊ का?"

इथे त्याने हो म्हणायला हवं होतं. पण नाही! याला आपला सरळपणा दाखवायचा होता. "बहीण असली म्हणून काय झालं? टोकन टोकन आहे," म्हणाला.

सगळं तपासलं त्याने. सही बरोबर. मुदत बरोबर. नाव ताईचं. दोन मजल्यांवरचे दोन टॅब्लेट. मग तो ताईकडे गेला, चपला न काढता दारातच उभा राहिला आणि विचारलं, "ताई, पिन कुणाला दिलास?"

"कुणालाच नाही."

"खरं सांग. अजून अहवाल गेलेला नाही."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. "मी नाही दिला रे. तुला सांगतेय ना मी?"

"पण नोंद तुझ्या नावावर आहे, ताई."

तो निघाला. आणि दुसऱ्या दिवशी त्याने अहवालात लिहिलं की नोंदी तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहेत. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण कारण द्यायची सवय ना! खाली आणखी एक वाक्य घातलं, की तिथल्या सिस्टर आपसात पिन देतात असं सदर परिचारिकेच्याच बोलण्यातून पूर्वी समजलं आहे.

ताईला घरी बसवलं. चौकशी पुरी होईपर्यंत कामावर यायचं नाही. कोपऱ्यातल्या आजी, ज्यांना सोमवार की शुक्रवार तेही सांगता येत नव्हतं, त्या ताईचं नाव निघालं की खाटेवरून सारखं म्हणत होत्या, "ही नव्हती. ही असती तर पाणी पाजल्याशिवाय गेली नसती." त्यांचं कोण ऐकतो? मेट्रनबाईंनी लिहूनसुद्धा घेतलं नाही. आई घरात विचारायची, ताई फोन का करत नाही रे? हा म्हणायचा, कामात असेल. आईचं हृदय नाजूक, तिला यातलं काही सांगायचं नाही असं त्याने ठरवून टाकलेलं. शेजारणीकडून थोडं तिच्या कानावर गेलंच, की ताईच्या कामावर काहीतरी बिनसलंय. तेव्हापासून ती विचारायची बंद झाली. देवघरापाशी मात्र जास्त वेळ बसायला लागली.

असे काही आठवडे गेले. किल्लेदार जेवायचा, कामाला जायचा, कुलूप ओढून बघायचा. सगळं नेहमीसारखं. फक्त कुणी ऑफिसात "माणूस खोटं बोलेल" असं त्याची नक्कल करत म्हणालं की तो आता हसत नव्हता.

मग एका भलत्याच दवाखान्यातून तक्रार आली. तिथले मोठे सर्जन फोनवर आग पाखडत होते. "माझ्याच पेशंटचे रिपोर्ट मला दिसत नाहीत! परवानगी नाही म्हणतंय! मला! सकाळपासून तिसऱ्यांदा!"

आता अशा तक्रारींवर कंपनीत एक रामबाण उपाय होता. बाहेर पडा आणि परत आत या. पिन पुन्हा टाकला की सगळं ठीक व्हायचं. कुणी फोन करो, काही होवो, हेच उत्तर. तक्रारवाला खूश, आपणही खूश. नेमकं घोडं कुठं पेंड खातंय ते बघायची गरज कुणाला? कारण परत आत आलं की नवी चिठ्ठी मिळायची आणि जुनी, जिच्यात खरी गोम होती, ती जायची केराच्या टोपलीत. किती महिने हेच चाललं होतं देव जाणे.

शेजारच्या टेबलावरचा मुलगा फोनमध्ये म्हणतच होता, "सर, एकदा बाहेर पडून..." किल्लेदाराने झडप घालून फोन घेतला. का घेतला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सर्जनचा आवाज ऐकून असेल. तो माणूस खोटं बोलत नव्हता, हे कुणालाही कळलं असतं.

"सर, काहीही करू नका. टॅब्लेट आहे तसा ठेवा."

"अहो, मला ऑपरेशन आहे!"

"तुमच्या सिस्टरना सांगा, मी सांगतो तेवढंच करायला. पाया पडतो."

चिठ्ठीवरचा मजकूर वाचायला काही जादू लागत नाही. सही करता येत नाही कुणाला, पण वाचता कुणालाही येतं. सिस्टरने पाठवलेलं टोकन किल्लेदाराने उघडलं. सही बरोबर. मुदत बरोबर. परवानगी: भेटीच्या वेळा देणे. नाव: स्वागतकक्षातली बाई.

त्याने पुन्हा वाचलं. टॅब्लेटवर वर सर्जनचं नाव दिसतंय, कारण ते नाव पिन टाकताना एकदा येतं आणि टॅब्लेट ते स्वतःपाशी ठेवून देतो. आणि आतली चिठ्ठी स्वागतकक्षातल्या बाईची. दाराशी उभा सर्जन, हातात दुसऱ्याची चिठ्ठी, आणि दोघांनाही खबर नाही. खरी सही, खरी मुदत, आणि माणूसच चुकीचा.

हे कसं झालं, ते शोधायला त्याला फार वेळ लागला नाही, कारण ते त्याचंच काम होतं. ते चक्र! ड्यूटी बदलताना फिरणारं ताईचं चक्र. ते थांबवायला त्याने टॅब्लेट आणि मुख्य सर्व्हर यांच्या मध्ये, दारात बसवलेल्या सर्व्हरला सांगून ठेवलं होतं, की सगळे एकदम तेच ते विचारतात, तर प्रत्येकवेळी आत कशाला जातोस? एकाला दिलेलं उत्तर काही सेकंद लक्षात ठेव आणि मागून येणाऱ्यांना तेच दे. औषधांची नावं, वॉर्डांची यादी, यांना ते ठीकच होतं. ती सगळ्यांना सारखीच. पण त्याच दारातून नव्या चिठ्ठीची मागणीही जात होती, आणि तिला वगळायचं तो विसरला होता. एका टॅब्लेटने नवी चिठ्ठी मागितली, मिळाली. त्याच क्षणी दुसऱ्याने मागितली, त्यालाही तीच मिळाली. पहिल्याच्या नावाची.

तो उठला. पाणी प्यायला. परत बसला आणि ताईच्या नर्सिंग होमच्या त्या संध्याकाळच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक टोकनला स्वतःचा एक क्रमांक असतो. खालच्या मजल्यावरच्या टॅब्लेटचा क्रमांक बघितला, वरच्या मजल्यावरच्या टॅब्लेटचा बघितला. एकच क्रमांक.

आता हे नीट ऐका, कारण याच ठिकाणी त्या माणसाचं काळीज फाटलं. ताईने पिन दिला असता, तर त्या दुसऱ्या बाईने तो टाकला असता आणि तिला ताईच्या नावाची दुसरी चिठ्ठी मिळाली असती. दुसरा क्रमांक. एक पिन दोघींनी वापरला तर चिठ्ठ्या दोन होतात. एकच चिठ्ठी दोन टॅब्लेटवर, हे पिन देऊन होऊच शकत नाही. हे कळायला कुणी मोठा तज्ज्ञ लागत नाही. ते त्यालाच कळायला हवं होतं, ती व्यवस्थाच त्याने बांधली होती. आणि हा क्रमांक पहिल्या तपासातही त्याच्या डोळ्यांसमोर होता! त्याने तो बघितलाच नव्हता. बघायची गरज वाटली नव्हती, कारण ताईने पिन दिला हे त्याने आधीच मनाशी धरून टाकलं होतं. दारात चपलांसकट उभा राहून विचारलं, तेव्हासुद्धा तो विचारत नव्हता. कबूल करायला सांगत होता.

तो मॅडमकडे गेला. मॅडमनी सगळं ऐकलं, कपाळ चोळलं. "दुरुस्त करा लगेच. बाकीच्यांना कळवायचं काय ते आपण सावकाश ठरवू."

"सावकाश नाही, मॅडम. किती दवाखान्यांत कुणाच्या नावावर काय चढलंय, आपल्याला माहीत नाही. आणि एक माझ्या बहिणीच्या नावावर चढलंय."

"तुम्हीच लिहिलं होतंत, निर्दोष म्हणून."

"मीच लिहिलं होतं. आता मीच लिहितो की ते चूक होतं."

मॅडमनी थोडी घासाघीस केली, मग हात टेकले. त्याच दुपारी त्याने दारातल्या सर्व्हरचं ते लक्षात ठेवणं बंद केलं आणि नवा अहवाल लिहिला. आडवळणं न घेता. चूक कंपनीची, कंपनीत माझी. कुठल्या टॅब्लेटला कुणाची चिठ्ठी गेली तेही काढलं. खालच्या मजल्यावर कोण होतं ते मेट्रनबाईंना लगेच कळलं. त्या सिस्टरला बोलावलं तेव्हा ती ढसाढसा रडली. तिने गोळी चुकून दिली होती. नोंद ताईच्या नावावर निघाली असं ऐकलं तेव्हा तिचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसला नाही, आणि मग तिने तोंडाला कुलूप घातलं.

ताईवरचा आरोप मागे घेतला. परवान्याला धक्का नाही. मेट्रनबाईंनी स्वतः फोन करून माफी मागितली, सोमवारपासून या म्हणाल्या.

किल्लेदार ताईकडे गेला. भाऊजींनी दार उघडलं आणि पाठ फिरवून आत निघून गेले. ताई खिडकीपाशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. त्याने चपला काढल्या, समोर बसला, आणि सगळं सांगितलं. चक्र, मधला सर्व्हर, क्रमांक, सगळं. सांगताना त्याचा आवाज चढत गेला, जणू काही चांगली बातमी होती. ताई घड्या घालत राहिली.

"म्हणजे आता सिद्ध झालं," शेवटी तो म्हणाला. "तू खरं बोलत होतीस."

"ते मला माहीत होतं," ताई म्हणाली.

"ताई, माझं चुकलं. फार चुकलं."

"यंत्राचं चुकलं, त्याचं मला काही नाही. तूच ते बांधलंस, माझ्यासाठी बांधलंस, होतं असं." तिने एक चादर झटकली, दोन टोकं जुळवली. "पण जेवताना हसत सांगितलेलं तू ऑफिसच्या कागदावर लिहिलंस. चौकशीत मेट्रनबाईंनी मला ते वाचून दाखवलं. म्हणाल्या, तुमच्या भावानेच लिहिलंय. मी काय बोलणार होते सांग? ती कोपऱ्यातली आजी, तिला स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही. ती म्हणाली, ही नव्हती. आणि तू?"

त्याला रडू आलं. खोटं कशाला सांगा, चांगलं हमसून आलं. ताईने पूर्वी याचे डोळे पदराने पुसले असते, नाक धरून टपली मारली असती. आता तिने घडी पुरी केली आणि बाजूच्या गठ्ठ्यावर ठेवली.

"रागावलीस?"

"राग असता तर भांडले असते रे. भांडायला मन लागतं." मग पुढचा कपडा उचलत म्हणाली, "तू आता जा. मला वाटलं की मी करेन फोन. तोवर नको करूस. आणि आईला यातलं काही सांगू नकोस, तिला सोसायचं नाही."

तो बसस्टॉपवर गेला. दोन बसेस सोडल्या. तिसरी आली तिच्यात चढला.

घरी आई दारातच उभी होती. शेजारणीने सांगितलं होतं, ताईच्या कामावरचं निस्तरलं म्हणून. "गेला होतास ना तिच्याकडे? काय म्हणाली? कशी आहे?"

किल्लेदाराने चपला काढून नीट जागेवर ठेवल्या. "छान आहे. मला बघून हसली. ठोंब्या म्हणाली, चहा करून दिला. रविवारी येते म्हणाली."

आईने काही विचारलं नाही, त्याच्या सुजलेल्या डोळ्यांकडे बघितलंसुद्धा नाही. तिचा पोरगा सांगत होता, तेवढं तिला पुरे होतं. तिचा चेहरा उजळला, ती देवापुढे हात जोडून आली, आणि रविवारी ताईच्या आवडीचं काय करायचं ते ठरवायला लागली.